तारेला पाणी

रेडिओ जसोंडीत आला तेव्हा तो अजून एक शब्द बोलला नव्हता, पण त्याच्याबद्दल बोलणारे गावभर झाले होते. बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्याहून बैलगाडीत, गोधडीत गुंडाळून ते खोकं निंबाच्या दारात उतरलं आणि बैल सुटायच्या आत कौतिकनं शेजारच्या ओसरीवरून निकाल देऊन टाकला की हे घर आता बिघडलं म्हणून समजा. कौतिक म्हणजे निंबाचा चुलतभाऊ. स्वतःच्या केळीला पाणी द्यायला त्याला सवड नसे, पण दुसऱ्याच्या दारात काय उतरतं ते बघायला तो भरल्या ताटावरून उठून यायचा.

रेडिओ मनकर्णाचा होता. तिच्या नवऱ्याचा, म्हणजे निंबाचा, नव्हे, सासूचा नव्हे, आणि भाऊबंदांचा तर मुळीच नव्हे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण त्यापायीच झालं. तिचा धाकटा भाऊ दत्तात्रय शनवाऱ्यात राहून सरकारी कचेरीत कारकुनी करायचा. राज्यं नव्यानं वाटली गेली, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, बुऱ्हाणपूर इकडे मध्य प्रदेशात राहिलं, आणि दत्तात्रयाच्या हातात भोपाळच्या बदलीचा हुकूम पडला. तिथल्या क्वार्टरमध्ये वीज होती, मग बॅटरीवरचा रेडिओ कशाला वाहून न्यायचा? जाताना तो बहिणीला म्हणाला, "ताई, तुला आजवर चोळीबांगडीशिवाय काही दिलं नाही. हा घे. तुझा तू ऐक."

जसोंडीत वीज म्हणजे पावसाळ्यात पडते तेवढीच. तेव्हा बॅटरीचा रेडिओ बरोबर जागी आला. दत्तात्रयानं स्वतः छपरावर चढून दोन बांबूंमध्ये एक तार ताणली, दुसरी तार भिंतीवरून खाली आणून दारालगतच्या जमिनीत पुरली, आणि बहिणीला बजावलं, "या तारेच्या बुडाशी रोज तांब्याभर पाणी घाल. माती ओली राहिली की आवाज स्वच्छ येतो, नाहीतर नुसती खरखर." पोस्टातून तिच्या नावानं लायसन काढलं ते तिच्या हातात दिलं आणि तो भोपाळला निघून गेला.

लायसन रेडिओला लागायचं, मतं द्यायला लागत नव्हतं. त्यामुळे मतांना ऊत आला. कुणी म्हणे याच्या आवाजानं दूध नासतं, कुणी म्हणे अंड्यावर बसलेली कोंबडी उठते. कौतिक म्हणे, छपरावरची तार आभाळातली वीज बोलावून घेईल आणि ती पडेल मात्र माझ्या घरावर, कारण माझं नशीबच तसं. भाऊबंदांतला थोरला चुडामण, म्हणजे मनकर्णाचा थोरला चुलतदीर, त्याचं मत असं की बातम्या ही पुढाऱ्यांनी ऐकायची गोष्ट आहे, बायकामाणसांत ती सोडली की घरात राज्य कुणाचं ते कळेनासं होतं. त्याची बायको मालूबाई भोळी. तिला एकच घोर, की आतली बाई सकाळपासून बोलती आहे, ती जेवते कधी?

सासूची, धुरपदाबाईची, तऱ्हाच वेगळी. बाई गात असली की ती पाय पसरून खांबाला टेकून बसायची. पण पुरुषाचा आवाज आला रे आला की पदर कपाळापर्यंत ओढून, रेडिओकडे पाठ करून बसायची. "परका माणूस घरात बोलू राह्यला, तुमाले काही लाज?" असं म्हणायची, पण उठून जायची नाही. बातम्या संपल्या की पाठमोरी असतानाच विचारायची, "गेला का तो?"

आणि मनकर्णा? तिचं काय विचारता. पहाटे शेण, मग भाकरी, मग बागेत केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं काढणं, परत आलं की गाय, पुन्हा भाकरी. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तिच्याशी जो कोणी बोलला तो या कामांपैकी एखाद्याबद्दलच बोलला. आता दुपारी गहू निवडत बसलं की इंदूर लागायचं, दिवे लागले की नागपूर लागायचं, हवा चांगली असली तर मुंबई. हिंदी काय, मराठी काय, तिला सगळं चालायचं. पुढाऱ्यांनी नकाशावर रेघ ओढली होती, पण त्या खोक्याच्या लेखी ती नव्हतीच, एक खुंटी पिळली की माणूस रेघेच्या पलीकडे. नागपूरवर भागाभागानं येणाऱ्या एका नाटकात एक सून सासऱ्याला तोंडावर असं काही बोलली की मनकर्णा एकटीच खदखदून हसली आणि सुपातले गहू ओसरीभर सांडले. तिची लेक शोभा धावत आली, "माय, काय झालं वं?" मनकर्णाला हसण्यात सांगताच येईना. ती सुखात होती, अगदी उघड उघड सुखात होती, आणि गावाला खुपलं ते नेमकं हेच.

आता त्या पाण्याचं ऐका. मनकर्णा सकाळी आंघोळ करून तुळशीला पाणी घालायची आणि त्याच तांब्यातलं उरलेलं तारेच्या बुडाशी ओतायची. कोंबड्या माती उकरतात म्हणून तिनं भोवती चार दगड मांडले. आता ओल्या केसांनी, तांब्या हातात धरून, खाली वाकून पाणी घालणारी बाई आणि भोवती मांडलेले दगड, हे आपल्याकडे कुणी पाहिलं तर त्याला काय वाटेल? जे वाटायचं तेच वाटलं. एक दिवस सकाळी बघते तर दगडावर हळदकुंकू. दुसऱ्या दिवशी जास्वंदीचं फूल. मनकर्णा हसली, फूल उचलून शोभाच्या केसात खोवलं आणि कामाला लागली. कोण वाहून गेलं ते तिनं विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्या श्रावणात पावसानं दडी मारली. ऊन-सावलीचा खेळ नाही, सर नाही, नुसता वारा. चुडामणच्या विहिरीचं पाणी दोन पायऱ्या खाली गेलं. कौतिक त्या पायऱ्यांकडे पाहत बसला, मग निंबाच्या दारातल्या ओल्या मातीकडे पाहत बसला, आणि त्याच्या टाळक्यात उजेड पडला. ती तार जमिनीत कशाला पुरली? पाणी ओढायला! आणि रोज तिला पाणी कशाला दाखवतात? पूजा! कानबाई यायच्या दिवसांत घरात दुसरी देवी बसवली, मग पाऊस येईलच कसा? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, तार पाणी पिते म्हणायचं की पाण्यानं पूजतात म्हणायचं, हे कुणी त्याला विचारलं नाही. अशा वेळी विचारत नसतात. संध्याकाळपर्यंत गल्लीत एकच भाषा झाली, की निंबाच्या बायकोनं तारेची देवी मांडली.

कानबाई श्रावणातल्या रविवारी येते. नारळाला नथ-कुंकू करून, नवं लुगडं नेसवून तिला थोरल्या घरात बसवतात आणि भाऊबंदांचं सगळं कूळ तिथं एकत्र जेवतं. त्या जेवणाचं धान्य म्हणजे रोट. कुळात जेवढे पुरुष, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, त्या प्रत्येकाचं आदल्या दिवशी, शनिवारी, नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू टोपल्यात टाकायचे. नाव घेतलं, मूठ पडली, म्हणजे तो माणूस कुळात आहे. मूठ पडत नाही ती फक्त मेलेल्याची. चुडामणनं शुक्रवारी निरोप धाडला, तो नेमका हा होता. ती तार उपटा, रेडिओ घराबाहेर काढा आणि निंबाच्या बायकोनं कानबाईच्या नावानं नारळ ठेवून चूक कबूल करावी. नाहीतर शनिवारी निंबाची मूठ टोपल्यात पडणार नाही.

निरोप घेऊन कौतिकच आला होता. त्याला हे काम फार गोड लागलं असावं, कारण त्यानं ते दोनदा सांगितलं.

तो गेल्यावर निंबा ओसरीच्या काठावर बसला. चांगला माणूस, पण भाऊबंदांपुढं त्याची मान वर होत नसे. बाप लवकर गेला, चुडामणनंच त्याला वाढवलं, लग्न लावून दिलं. तो म्हणाला, "शोभाची माय, काढून टाकू. पुढल्या महिन्यात पुन्हा लावू. कोण पाह्यते?"

"आणि चूक झाली म्हणून नारळ ठेवू?"

"ठेवून दे ना. तुह्यं काय जाते?"

"कोणती चूक ते तर सांगा आधी."

निंबा हात चोळत म्हणाला, "मूठ नाही पडली तर मी जितेपणी मेलो वं. उद्या पोरीच्या लग्नाले कोण उभं राहीन? मयताले खांदा कोण देईन?"

हे मात्र मनकर्णाच्या काळजाला लागलं. नवऱ्याचं तोंड पाहून तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. तिला निंबा हवा होता, कूळ हवं होतं, कानबाईपुढं फुगडी घालायची तीही हवी होती. यातलं काही सोडायला ती तयार नव्हती. मग हे एकच का सोडायचं? ती उठली, भिंतीपाशी गेली, तारेला हात घातला. ओढली असती तर सुटली असती, काही अवघड नव्हतं.

मागून धुरपदाबाई म्हणाली, "आज त्या नाटकाचा राह्यलेला भाग हाये ना? ती सून पुढं काय करते?"

मनकर्णानं तारेवरचा हात काढला. दिवे लागले तसं नागपूर लावलं. निंबा जेवला नाही. सासू पाठमोरी बसून नाटक शेवटपर्यंत ऐकत राहिली.

शनिवारी सकाळी चुडामणच्या ओसरीवर सगळं कूळ जमलं. पुरुष एका बाजूला घोंगड्यावर, बायका दुसऱ्या बाजूला आपापले गहू सुपात घेऊन. मधे शेणानं सारवलेली नवी टोपली. मनकर्णा सूप घेऊन आली तेव्हा कुणी सरकून जागा दिली नाही, तर ती उभीच राहिली. निंबा घोंगड्याच्या अगदी कडेला, मान खाली घालून बसला होता. धुरपदाबाई खांबापाशी टेकली.

चुडामण म्हणाला, "निंबा, निरोप पोचला ना? तार काढली?"

निंबाऐवजी मनकर्णाच बोलली. "मोठे भाऊजी, तार हाये तिथंच हाये. आणि तुमाले कोणी सांगितलं का मी तिची पूजा करते? माह्या भावानं सांगितलं का माती ओली ठेव, आवाज साफ येते. म्हणून पाणी घालते. गाडीच्या चाकाले वंगण घालता तुम्ही, तवा काय चाकाची पूजा करता?"

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. कौतिक तडकला. "पाणी म्हणे! मंग कुंकू काहून होतं दगडाले? फूल काहून होतं? मी ह्या डोळ्यांनी पाह्यलं. कुंकवानं बी आवाज साफ येते का?"

"कुंकू मी नाही वाह्यलं."

"मंग काय आभाळातून पडलं?"

चुडामणनं हात वर केला. "बस. देवीच्या रोटासमोर खोटं बोलू नको, शोभाची माय. कुंकू कोणी वाह्यलं?"

बायकांतून मालूबाईचा बारीक आवाज आला, "अवो, ते मी वाह्यलं."

चुडामण आपल्या बायकोकडे बघतच राहिला.

"मले काय ठावं?" मालूबाई रडकुंडीला आली. "सकाळची चालली होती, तर ही पाणी घालू राह्यली. म्हटलं असंन काही देवाचं. आपलं काय जाते, दोन बोटं कुंकू लावलं. मंग बाकीच्या बी लावू लागल्या. कौतिकच्या घरची तर रोज फूल ठेवते."

आता हसू कुणालाच आवरेना. कौतिकनं आपल्या बायकोकडे असं पाहिलं की ती सूप तोंडापुढं धरून बसली. मनकर्णाही हसली. तिला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं. चूक त्यांची, ती त्यांच्याच तोंडून बाहेर आली, आता हे लोक ओशाळतील आणि मुठी मोजायला लागतील. इथंच तिचं चुकलं. ओशाळलेला थोरला माणूस कबूल करत नसतो, तो नवी वाट काढतो.

चुडामण खाकरला. आवाज एकदम मऊ झाला. "बरं झालं, खुलासा झाला. देवीचा काही प्रश्न नाही. मंग आता असं करू. रेडिओ काही वाईट वस्तू नाही. बाजारभाव सांगते, हवामान सांगते, सरकारचं धोरण समजते. तर तो माह्या ओसरीत आणून ठेवा. संध्याकाळी माणसं बसतीन, ऐकतीन. कुळाचा रेडिओ होईन. निंबा, आज आणून ठेव, मूठ आत्ता टाकतो."

बघा म्हणजे! काल दूध नासवणारा, पाऊस पळवणारा रेडिओ आज कुळाचा झाला. घोंगड्यावरच्या माना पटापट हलल्या. कौतिकची तर सगळ्यात आधी हलली. वाईट रेडिओ नव्हताच कधी, त्याच्या खुंटीवर बाईचा हात होता तेवढंच वाईट होतं.

निंबानं पहिल्यांदा मान वर केली. त्याच्या डोळ्यांत केवढी आशा होती. तो बायकोकडे पाहून हळूच म्हणाला, "हे तर चांगलं हाये वं. तू बी येत जा ना ऐकाले. आतल्या घरातून ऐकू येईनच."

"नाही," मनकर्णा म्हणाली.

"काय नाही?" चुडामणनं विचारलं.

"रेडिओ नाही द्यायचा. माहेरचा हाये, माह्या नावानं लायसन हाये. माह्या घरात राहीन."

"तुले बाजारभाव काय करायचे?"

"काही नाही करायचे."

"हवामान?"

"पाऊस आला का मले बी दिसते."

चुडामणचा मऊपणा आता विरायला लागला होता. तरी त्यानं शेवटचं दार उघडून दिलं. "बरं, निंबाले शेतीचा कार्यक्रम ऐकायचा असंन, म्हणून तुमाले घरात पाह्यजे, असं म्हण. मी समजून घेतो. तसं म्हण आणि विषय संपव."

काय सोपं होतं! एक होकार, आणि रेडिओ घरात, मूठ टोपल्यात. निंबाचे ओठ हलत होते, म्हण ना, म्हण ना. दुसरी कुणी असती तर म्हणून मोकळी झाली असती, आणि तिला कुणी नावं ठेवली नसती. पण मनकर्णाला त्या क्षणी भयंकर संताप आला. नवऱ्याच्या शेतीसाठी ठेवला तर चालतो. कुळासाठी, सरकारच्या धोरणासाठी ठेवला तर चालतो. मालूबाईच्या कुंकवासाठीसुद्धा चालला असता. फक्त तिच्यासाठी चालत नव्हता.

"शेतीसाठी नाही," ती म्हणाली. "मले आवडते म्हणून हाये. गाणं आवडते, नाटक आवडते, तो बातम्या वाचते त्याचं बोलणं आवडते. मी ऐकते आन् मले बरं वाटते. दुसरं काही कारण नाही, आन् मी दुसरं सांगणार बी नाही."

चुडामण हसला, आणि तो हसला म्हणून बाकीचे हसले. "आवडते म्हणून! ऐका. अवं, बाईची आवड कोणी रोटात मोजते का?"

"रोटात तर तुम्ही बाईच मोजत नाही, भाऊजी. तिची आवड कुठून मोजसान?"

हसणं थांबलं. चुडामण टोपलीकडे वळला आणि त्यानं नावं घ्यायला सुरुवात केली. आधी स्वतःचं, मग मुलांचं, मग कौतिकचं, कौतिकच्या मुलांचं. नाव घेतलं की ज्या त्या घरची बाई पुढं होऊन सव्वा मूठ टाकी आणि मागं सरे. निंबाची जागा कौतिकनंतरची. चुडामणनं कौतिकच्या धाकट्याचं नाव घेतलं, जरा थांबला, आणि पलीकडच्या घरातल्या वामनचं नाव घेतलं.

निंबा पांढरा पडला. आपल्या बापाची मूठ पहिल्यांदा पडली नाही ते वर्ष त्याला आठवलं असेल, कारण तो हळूच "बाबा" म्हणाला, आणि ते कुणाला उद्देशून ते त्यालाही कळलं नसावं.

मनकर्णा वळली. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत, रडली नाही. सूप कमरेवर घेऊन ती ओसरी उतरली, गल्ली ओलांडून आपल्या दारात गेली, आत जाऊन खुंटी पिळली आणि इंदूर लावलं, चांगलं मोठ्यानं. मग बाहेर येऊन ओसरीवर पाणी शिंपडलं, घरातली टोपली आणून मधे ठेवली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसली. गल्ली केवढीशी, दोन्ही ओसऱ्या समोरासमोर. इकडचं सगळं तिकडे दिसत होतं.

"कानबाई वेगळी मांडते का?" चुडामण तिथूनच गरजला. "घर फोडते? कानबाईचा कोप होईन!"

"होऊ द्या. ती बी बाईच हाये," मनकर्णानं इथूनच उत्तर दिलं. "तिले कळीन."

धुरपदाबाई खांब धरून उठली. गुडघ्यांनी तिला दोनदा खाली बसवलं, ती तिसऱ्यांदा उठली. मालूबाई म्हणाली, "काकू, तुम्ही कुठं चालल्या?" तर म्हातारी म्हणाली, "माह्या घरी. इथं कोण विचारते मले?" आणि ती गल्ली ओलांडून आली, सुनेच्या शेजारी बसली, पाय पसरून.

निंबा गल्लीच्या मधोमध येऊन उभा राहिला होता. मागं चुडामण, ज्यानं त्याला वाढवलं. पुढं ही. मनकर्णानं त्याला हाक मारली नाही. तिला माहीत होतं की आता ओढून आणला तर आयुष्यभर तो ओढलेलाच राहील. तो नाही आला तर काय करायचं याचा मात्र तिनं काडीचाही विचार केला नव्हता.

तो आला. जोडे काढले, ओसरीवर चढला आणि टोपलीच्या पलीकडे बसला. "कसं करायचं?" एवढंच म्हणाला.

"जसं तिकडं करते तसं. घरच्या पुरुषानं नाव घ्यायचं, बाईनं मूठ टाकायची."

निंबा टोपलीकडे सरकला. "निंबा," तो म्हणाला, आणि मनकर्णानं सव्वा मूठ गहू टोपलीत टाकले. त्याच्या जीवात जीव आला. तो उठायला लागला.

"बसा. झालं नाही अजून. सासूबाईंची."

"मायची?" निंबा गोंधळला. "मायचं नाव मी कसं घेऊ?"

"घे रे, घे मेल्या," धुरपदाबाई म्हणाली. "तुह्या बापानं तर जलमभर घेतलं नाही. मेल्यावर तरी कोण घेणार हाये? ऐकू दे एकदा."

"धुरपदा," निंबा पुटपुटला. मूठ पडली. म्हातारीनं टोपलीत वाकून बघितलं, आपले गहू कुठले ते शोधत असल्यासारखं, आणि पदर तोंडाला लावला.

"शोभा," हे त्यानं पटकन घेतलं. पोरीची मूठ पडली.

मग तो थांबला. समोरच्या ओसरीवर मुठी मोजायचं कधीच बंद पडलं होतं. चुडामण, कौतिक, मालूबाई, सुपं हातात घेतलेल्या सगळ्या बायका इकडेच पाहत होत्या. बायकोचं नाव निंबानं एकदाच घेतलं होतं, लग्नात उंबरठ्यावर, तेही करवल्यांनी वाट अडवून धरली तेव्हा. त्यानंतर ती आधी "अवं" झाली आणि मग शोभाची माय. कानापर्यंत लाल होऊन तो टोपलीत पाहत राहिला. मनकर्णानं मूठ भरून घेतली होती आणि ती टोपलीवर धरून बसली होती. नाव घेतल्याशिवाय ती उघडणार नव्हती.

"मनकर्णा," तो म्हणाला. इतका हळू की शेजारी बसलेल्या आईलाही नीट ऐकू गेलं नसेल.

मनकर्णानं मूठ उघडली नाही. "मोठ्यानं घ्या," ती म्हणाली. "रेडिओ चालू हाये. तिकडं ऐकू जात नाही."

निंबानं एकदा समोरच्या ओसरीकडे पाहिलं, एकदा बायकोच्या मुठीकडे. मग छाती भरून श्वास घेतला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं तिचं नाव घेतलं.